बटण नावाच्या पिल्लाचं माप

मास्तरांनी तिसरीतल्या पोराला शिवलेली चड्डी सातवीपर्यंत चालायची, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पहिल्या वर्षी पोरगं तिच्यात बुडून जायचं. अंगाला नीट बसायला लागायची तोवर तिचा रंग उडालेला असायचा. "वाढतं अंग आहे," मास्तर म्हणायचे, आणि टेपवर जो आकडा येईल त्यात दोन इंच घालूनच खडू चालवायचे. तीस वर्षं शिलाई करून हातच तसा वळलेला.

तोच हात त्यांनी बटणासाठी चालवला आणि घोळ करून बसले.

बटण म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू. काळं, गोल, कुठूनही दाबलं तरी मऊ. मास्तरांची बायको बस चालवायची. तिनेच ते कुत्र्यांच्या निवाऱ्यातून पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेलं. नीट सांभाळलंत तर तुमचं, नाहीतर परत. निवाऱ्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "दोघंही कामाला जाता ना? मग मागे याला घरभर मोकळं सोडायचं नाही. छोटीशी बंदिस्त जागा करा. वायर नको, सुई नको, गिळता येईल असं काही म्हणजे काही नको."

"ते माझ्याकडे लागलं," मास्तर ऐटीत म्हणाले.

कुंपण केलंही झकास. लाकडी पट्ट्यांच्या चौकटी, त्यांवर ताणलेला जाड कॅनव्हास, कडेने दुहेरी टीप. फक्त माप घेतलं ते पुढच्या वर्षीच्या कुत्र्याचं. निम्मी खोली त्यात गेली. चौकटी कोपऱ्यात नाडीने बांधलेल्या, आणि पुढेमागे ओढून मोठं करता यावं म्हणून प्रत्येक कोपऱ्यात चार बोटं फट.

मंगळवारी बटण पहिल्यांदा एकटं राहिलं. अकरा वाजता चष्मेवाल्या बाई जंताचं औषध घेऊन थेट दुकानातच आल्या. मास्तर त्यांना मोठ्या कौतुकाने घरी घेऊन गेले, कुलूप काढलं, आणि दारातच गार पडले.

कुंपणाच्या एका कोपऱ्यात शू, दुसऱ्या कोपऱ्यात मुटकुळं केलेली गोधडी, आणि मधे कुणीच नाही. साहेब शिलाई मशीनखाली होते. टाचण्यांची डबी उलटी, इस्त्रीची वायर चघळून ओली. इस्त्री लावलेली नव्हती हे नशीब. बाई गुडघ्यांवर बसल्या, बटणाचा जबडा दोन बोटांनी हळूच उघडला आणि जिभेवरून एक टाचणी उचलली.

टाचणी त्यांनी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण नाही.

"शुक्रवारी एक वाजता येते. तोवर जागा झाली नाही तर मी याला घेऊन जाईन. रागावू नका."

रागावू नका म्हटलं की माणूस नेमका रागावतो. संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली तर मास्तर तडतडत होते. "फट पुढच्या सोयीसाठी ठेवलीय! कुत्रं काय एवढंच राहणारे? दर महिन्याला नवीन शिवत बसू?"

"अहो, टाचणी जिभेवर होती ना?" बायको म्हणाली.

मास्तर टाचण्यांच्या डबीचं झाकण दाबून बघायला लागले.

"गिळली असती तर?"

मास्तरांनी डबी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. बायको ओट्याकडे वळली. तिने बटणाची वाटी घासली, पुसली आणि ओट्यावर पालथी घातली. आजच परत द्यायचीय अशी. ती पालथी वाटी मास्तरांना सगळ्यात जास्त लागली. वरवर ते म्हणायचे, "तुझं कुत्रं, तूच बघ," पण गेले सहा दिवस संध्याकाळी बटण त्यांच्या उजव्या पावलावर झोपायचं, आणि ते हलू नये म्हणून मास्तर डाव्या पायाने मशीन चालवायचे. टीप वाकडी यायची. उसवायचे, परत मारायचे, पण पाऊल काढायचे नाहीत.

जेवणं झाल्यावर त्यांनी टेप काढला. "धर याला."

"मी? हे काय उभं राहतंय का! अहो, हे टेप खातंय."

"गिऱ्हाईक म्हणून आलंय, जरा मान दे. बटणशेठ, सरळ उभे राहा."

उभं राहिल्यावर उंची, लांब पसरल्यावर लांबी, गिरकी घेताना लागणारी जागा. मास्तर आकडे लिहीत गेले. बायकोने वहीत डोकावलं.

"हे अठरा आलं होतं. वीस कुठून?"

"वाढतं अंग—"

"मास्तर!" ती खवळली की त्यांना गल्लीसारखं मास्तरच म्हणायची. "त्याला आज राहायचंय त्यात. आज! एवढी मोठी जागा दिलीत म्हणून तर एका टोकाला मुतलं आणि दुसऱ्या टोकाला झोपलं. झोपायचीच जागा असेल तर ते घाण करणार नाही. मोठं झालं की मोठं करा."

"मग दर आठवड्याला उसवायचं?"

"उसवा की. दुसरं काय काम आहे तुम्हाला, चड्ड्याच ना?"

मास्तरांनी वीस खोडलं. अठरा लिहिलं. तेवढंच लिहायला त्यांना वहीवर बराच वेळ वाकून बसावं लागलं.

नवीन कुंपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलं, जिथे एकही वायर नव्हती. कोपरे फट न ठेवता शिवून बंद. आत गोधडी, पाण्याची जड वाटी, चावायला जाड दोरीची गाठ आणि बायकोचा न धुतलेला रुमाल, वासासाठी. मशीनच्या खोलीचं दार बंद, वर कडी.

पण जागा झाली म्हणून काम झालं नव्हतं. बुधवारी मास्तर एक मिनिट बाहेर गेले आणि आत बटणाने असा गळा काढला की ते अर्ध्या मिनिटात परत. "आलो रे, आलो!"

"झालं," बायको म्हणाली. "शिकवलंत त्याला. रडलं की मास्तर येतात."

मग नियम ठरला: गप्प झाल्यावरच आत. एक मिनिट, तीन मिनिटं, दहा. गुरुवारी अर्धा तास जमला. दर दोन तासांनी दुकानातून येऊन त्याला बाहेर फिरवून आणायचं, आणि आत ठेवताना लाडीगोडी करत बसायचं नाही.

शुक्रवारी बायको पहाटेच गेली. साडेअकराला मास्तरांनी बटणाला फिरवून आणलं, आत ठेवलं, दार ओढलं आणि दुकानाकडे निघाले. निघाले म्हणजे सहा पायऱ्या उतरले. सातवीवर बसले.

बटण रडायला लागलं. आधी कुईकुई, मग भोकाड. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मागच्या वेळी हे हातच कडीकडे गेले होते.

समोरच्या काकू पिशवी घेऊन वर येत होत्या. "मास्तर, स्वतःच्याच घराबाहेर? वहिनींनी हाकललं की काय?"

"हळू बोला हो! आवाज ऐकला तर त्याला कळेल मी इथेच आहे."

काकू चपला हातात घेऊन चवड्यांवर वर गेल्या.

रडणं तुटक झालं. मग नुसता एक उसासा. मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही मास्तरांना रडण्यापेक्षा वाईट वाटलं. गोधडीत अडकलं का? टाचणी? जागेवरून उठले, परत बसले. एवढं लहान माप ठेवलं, श्वास तरी नीट घेत असेल ना? अठरा. अठराच बरोबर आहे. टेप खोटं बोलत नाही.

एक वाजता बाई आल्या. मास्तरांना पायरीवर बघून त्यांनी घड्याळ बघितलं. दोघं आवाज न करता आत गेले.

बटण रुमालावर तोंड ठेवून झोपलं होतं. गोधडी कोरडी. बाईंनी कॅनव्हास ओढून बघितला, प्रत्येक कोपऱ्यात बोट घालायला गेल्या. बोट गेलं नाही. जमिनीवर हात फिरवला. मशीनच्या खोलीची कडी बघितली.

"हे किती दिवस पुरेल?"

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला न दिलेलं उत्तर दिलं. "आठ दिवस. मग उसवून मोठं करीन."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा. दोघांची लागेल, वहिनींची संध्याकाळी घ्या."

मास्तरांनी सही केली. त्यांनी बटणाला बाहेर नेऊन आणलं, परत आत ठेवलं, बाईंबरोबर बाहेर पडून कुलूप लावलं. या वेळी सहाच्या सहा पायऱ्या उतरले, सातवी पण, आणि खाली कोपऱ्यावर उभे राहून कान दिला.

आतून आवाज नाही.

"बघा," ते बाईंना म्हणाले, जरा दुखावल्यासारखे, "साधं रडलंसुद्धा नाही." आणि नाक ओढत दुकानाकडे गेले.