गोल झालेली पेशी

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. पण आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. पेशी वाढवलेली ती प्लेट माझ्याकडे मंगळवारी आली की बुधवारी, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्यांना बारकावे दाखवले आणि माझे स्वतःचेच निसटतात.

मी जरा उलटा आहे. इतरांची भिंगं वरून खाली बघतात, माझी खालून वर. माझी भिंगं घासणारा कारागीर म्हणाला होता, "हा सगळ्यांचे तळवे बघणार!" खरंच आहे ते. प्लेटच्या तळाला धरून, हातपाय पसरून ऐसपैस बसलेल्या पेशी मला खालून दिसतात. त्यात किती सुख आहे म्हणून सांगू!

आमच्या प्रयोगशाळेत पेशी सांभाळायच्या त्या काकू. वेळेवर खाऊ घालणं, उबेत ठेवणं, गर्दी झाली की निम्म्यांना दुसरं घर देणं, सगळं त्यांच्याकडे. रोज सकाळी माझ्यातून डोकावून विचारायच्या, "काय गं पोरींनो, बऱ्या आहात ना?"

मग खोलीत नवं यंत्र आलं. प्लेट आत सरकवली की मिनिटाभरात आकडे हजर. माझ्यावर कापडी खोळ चढली आणि खोळीवर कुणाकुणाचे स्वेटर. वाईट वाटलं. पण मनात आलं, त्यांचंच बरोबर असेल. मी नुसता दाखवतो, मोजत कुठे?

तिथे संशोधन करणाऱ्यांत सगळ्यात लहान होती धाकटी. तीन वर्षं खपून तिने कार्बनच्या नळ्यांची एक पट्टी घडवली होती, भाजलेल्या कातडीवर लावायला. एकेकटी नळी मलाही दिसत नाही, इतकी बारीक. झुबका झाला तरच काजळीच्या कणासारखी दिसते. या नळ्या पेशींना मारत तर नाहीत ना, एवढं तपासणं उरलं होतं.

रीत सोपी होती. पेशींवर नळ्या सोडायच्या, एक दिवस थांबायचं, मग पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करते. जांभळा जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत. शेवटी तो जांभळा एका द्रवात विरघळवायचा, आणि द्रव किती गडद झाला ते यंत्र मोजतं.

आकडा आला, शंभरात अठराच जिवंत. तीनदा करून पाहिलं, तीनदा तोच.

"तीनदा आलंय म्हणजे विषारीच आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. "उद्या काम थांबवतोय असं लिहून दे. वाईट वाटून घेऊ नकोस."

धाकटी माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली आणि डोळे पुसू लागली.

"रडून झालं की जोडीची प्लेट बघ," काकू म्हणाल्या.

"कुठली जोडीची?"

"मी दर वेळी एक बिनरंगाची ठेवते ना, ज्याला तुम्ही सगळे हसता. त्याच पेशी, त्याच नळ्या."

माझी खोळ निघाली. दिवा लागला. धाकटीने डोळा लावला आणि माझाच जीव वर-खाली होऊ लागला. पेशी पसरलेल्या दिसत होत्या, पण मला भास होत असला तर? तेवढ्यात काजळीच्या कणाशेजारची एक पेशी आक्रसून गोल होऊ लागली.

"बघा काकू, गोल झाली. मरतेय."

मरणारी पेशी गोल होते, हे खरं. पण दोन होणारीसुद्धा आधी गोलच होते. खालून मला दोन्ही सारख्याच दिसतात. मी काय सांगणार, कपाळ?

"थांब जरा," काकू म्हणाल्या.

"बाहेर गार पडतील त्या."

"वीस मिनिटांनी काही होत नाही. मी चार लेकरांची आई आहे, मला कळतं."

वीस मिनिटं धाकटी हलली नाही. मग त्या गोळ्याची कंबर बारीक झाली, अजून बारीक झाली, आणि एकाच्या दोन!

"अगं, मरत कसली, बाळंत झाली ती!" काकूंनी टाळ्याच वाजवल्या. धाकटी हसत, रडत ओरडली, "सर! लवकर या!"

सरांनी बराच वेळ बघितलं. "म्हणजे यंत्र खोटं बोललं?"

"यंत्राने रंग मोजला, सर," काकू म्हणाल्या. "जीव कुणी बघितलाच नव्हता."

मग धाकटीने निळा रंग आणला. तो मेलेल्या पेशीत सरळ शिरतो, जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. माझ्यातून बघत एकेक मोजली. शंभरात त्र्याण्णव जिवंत! थांबवण्याचं पत्र लिहिलंच गेलं नाही. सरांनी सगळ्यांना सक्त सांगितलं: आधी डोळा, मग आकडा.

आता मी शिकणाऱ्यांच्या खोलीत असतो. एका भिंगावर बुरशीचा डाग आहे, फिरवायची कळ सैल झालीय. तरी दिवसातून पाच-सहा डोळे येतात, त्यात मी खूश आहे. बाबांनो, माझं ऐका असं म्हणत नाही, मीही चुकत असेन. फक्त निकाल देण्याआधी एकदा डोकावून जा.

यंत्र का चुकलं, ते मात्र तेव्हा कळलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी धाकटी, आता स्वतः शिकवणारी, माझ्याजवळ उभी राहून विद्यार्थ्यांना सांगत होती. फार ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने त्या नळ्या पाहिल्या. जांभळ्या रंगाचे सुयांसारखे स्फटिक त्यांना घट्ट चिकटून बसले होते. पेशींनी आपलं काम पुरेपूर केलं होतं, नळ्यांनी तो रंग द्रवात सोडलाच नव्हता, मग यंत्राला दिसणार कसा?