हलकं चाक

लातूरच्या गंजगोलाईत, भर बाजारात, गाडी चौथ्यांदा बंद पडली, तेव्हा मागच्या बैलगाडीवाल्यानं कासरा ओढून बैल थांबवले आणि विचारलं, "पावनं, बैल जोडू का?"

आजूबाजूचे लोक हसले. माझा थोरला भाऊ भीमा हसला नाही. त्यानं चावी फिरवली, पाय दाबला आणि ती लाल, उघडी, दोन माणसांची जुनी विलायती गाडी अशी किंचाळली की बैलच बुजले. क्लच सोडताच आम्ही गोलाईच्या पार पलीकडं. माझ्या मांडीवरची हळदी-कुंकवाच्या रंगाची फेट्याची कापडं उडून मागं रस्त्यावर पडली. ती गोळा करायला मला पळत जावं लागलं.

"पिकअप बघितलास का?" परत आल्यावर दादा म्हणाला.

"बघितला. वरातीत मात्र बैलच जोडावं लागतील."

दादानं नजर रस्त्यावर ठेवली. त्याचा डावा गुडघा तेवढा हलत राहिला. हा गुडघा मी लहानपणापासून बघतोय. जेवतानासुद्धा दादा तीनदा उठायचा, आणि आई म्हणायची, याच्या ताटाखाली विंचू हाय की काय.

बहात्तरच्या दुष्काळात तो पंधरा वर्षांचा होता. सगळं गाव खडी फोडायला बसलं. दादाला बसणं जमेना. रस्त्यावर दाबाचा रोलर आला, त्याच्या ड्रायव्हरमागं तो लागला आणि रोलर गेला तिकडं, म्हणजे नांदेडला, निघून गेला. तिथं दहा वर्षांत त्यानं सात गॅरेजं बदलली. कुठं भांडण नाही, तंटा नाही. फक्त एका जागी त्याचा जीव रमत नसे. लातूर जिल्हा झाला, साहेब लोकांच्या जीपा आल्या, तेव्हा तोही आला. मीही त्याच सुमाराला जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागलो. आम्ही दोघे नव्या जिल्ह्याचीच माणसं. मी जिल्ह्याच्या फायलींवर बसलो आणि तो जिल्ह्याच्या गाड्यांखाली आडवा झाला.

गाडी नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. ते मुलीकडं हैदराबादला कायमचे गेले आणि जाताना दादाला म्हणाले, "भीमा, हिच्याशी नीट बोलणारा तूच एक आहेस. घेऊन जा." दादानं तिला लातुरात आणलं आणि महिनाभरातच त्याला ती सुस्त वाटायला लागली.

इंजिनाच्या पाठीमागं एक जड लोखंडी चाक असतं. गॅरेजवाले त्याला फ्लायव्हील म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून दादानं ते जात्यावरून सांगितलं. वरचा दगड जड असला, की हात जरा सैल पडला तरी जातं फिरत राहतं. मात्र ते फिरवायला सुरुवातीला जोर लागतो. दगड हलका केला की हात लावताच गरगर फिरतं. "आन हात काढला की?" मी विचारलं. "हात काढायचाच कामून?" दादा म्हणाला.

त्यानं ते चाक काढलं, पोत्यात घातलं आणि एसटीनं नांदेडला रेवणसिद्धच्या लेथवर नेलं. रेवणसिद्ध जुना कारागीर. त्यानं थोडं लोखंड उतरवलं आणि थांबला. दादा म्हणाला, आणखी उतरव. त्यानं उतरवलं. दादा म्हणाला, आणखी. "भीमा, हे उतरलेलं परत चढत न्हाई, बाबा," रेवणसिद्ध म्हणाला. तसलं दुसरं चाक या मुलखात मिळणार नव्हतं, हे दादालाही ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "उतरव."

तेव्हापासून मोकळ्या रस्त्यावर ती गाडी म्हणजे नुसतं वारं. औशाच्या रस्त्यानं तो मला गावाकडं नेई, तेव्हा पायाच्या बोटाची इच्छा इंजिनाला आधीच कळलेली असे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा. पण गर्दीत, फाटकापाशी, चढावर तीच गाडी जीव नकोसा करी. रेस जरा कमी झाली की फट्कन बंद. नुसती उभी ठेवायची तरी पाय हलवत राहावं लागे, आणि खालून गिअरचा खडखडाट येई तो वेगळाच. दादाचं त्यानं काही अडत नव्हतं. त्याचा पाय नाहीतरी हलतच असे.

असं सगळं असताना माझ्या साखरपुड्यात, नवरीकडच्या, विष्णुपुरीच्या चाळीस पाहुण्यांसमोर, हा गृहस्थ उभा राहून बोलून गेला, "वरात आमच्या गाडीतनं निघंल. चावडीवरनं."

आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. आमच्या लोकांची वरात चावडीपुढून बसून कधी गेली नव्हती. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. आमचा नवरदेव चावडीपाशी आपणच खाली उतरायचा आणि चालत जायचा. पुढं पुढं तर आमच्या वराती वेशीतून शिरायच्याच नाहीत, नाल्याच्या कडेनं मागच्या मागं यायच्या. आमच्या घरी छपन्न सालीच बाबासाहेबांचा फोटो लागला. मी झेडपीत लागलो, माझी नवरी पंचफुला नर्सचं शिक्षण घेत होती. तरी नाल्याची वाट तीच होती.

दादाचं बोलणं आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "ने. पर चावडीपुढनं हळू ने, भीमा. मान्साच्या चालीनं."

"हाव, आबा."

हाव म्हणून बसला, आणि मग त्याची झोप उडाली. जी गाडी सगळं करू शकत होती, तिला एवढं एकच जमत नव्हतं.

मी म्हणालो, जीप आणू. जीप कितीही हळू चालते. तो म्हणाला, "जीपला वर टप असतंय. नवरानवरी बसल्याली गावाला दिसली पायजेत." टप काढता येतं, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. पण दादा एकदा बोलला म्हणजे बोलला.

गावच्या तळ्यात तेव्हा थेंब नव्हता. तळाची माती भेगाळून टणक झाली होती. तिथं लग्नाआधी आठ दिवस दादानं सराव केला. पुढं आमची पारूआत्या चालायची, खास वरातीच्या चालीनं, डोक्यावर रिकामी घागर घेऊन. मागं लाल गाडी. दहा पावलं गेली की गाडी बंद. पारूआत्या थांबायची, कमरेवर हात ठेवून मागं बघायची.

"मेली का रं?"

"चाल तू."

"मी कवाची चालून राहिले. तुझीच बसकण मारतीया."

त्यानं रेस वाढवून ठेवली, क्लच अर्धा दाबून धरायला सुरुवात केली. मग गाडी सरकायची, पण क्लचचा जळका वास सुटायचा आणि इंजिनातलं पाणी उकळायचं. टँकर चौथ्या दिवशी यायचा. दादा कॅन घेऊन रांजणापाशी आला, तेव्हा आई झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"मान्सांचं पानी हाय ते."

"माय, एक कॅन."

"त्या बयेला सांग, दुष्काळ हाय म्हनून," आई म्हणाली, आणि जागची हलली नाही.

शेवटच्या दिवशी गाडी तळ्यात एकदा सलग पन्नास पावलं गेली. दादा घरी येऊन जेवायला बसला. चावडीपुढचं अंतर साधारण दीडशे पावलांचं होतं. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. लग्न माझं होतं, पण अब्रू त्याची जाणार होती.

लग्न विष्णुपुरीला लागलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता वेशीपाशी वरात उभी राहिली. औशाचा बँड होता. गाडीच्या मागच्या बाजूला, दुमडलेल्या टपावर गादी टाकून मी आणि पंचफुला उंच बसलो होतो. खाली दादा, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून. आबा सगळ्यांच्या पुढं काठी घेऊन उभे.

बँड सुरू झाला. गाडी वीस पावलं गेली आणि बंद पडली. दादानं सुरू केली. पंधरा पावलं, बंद. तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा माळवदांवर उभ्या असलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"सारखी बंद पडून राहिली," पंचफुला माझ्या कानाशी म्हणाली. "आपण उतरावं का? ओझं तरी कमी होईल."

दादानं ते ऐकलं. त्यानं मागं वळून बघितलं. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. "उतरायचं न्हाई," तो म्हणाला. मग बँडवाल्यांकडं बघून ओरडला, "जोरात वाजवा! पळत वाजवा!"

बँडवाले बावरले, पण वाजवायला लागले. दादानं पाय दाबला. आता गाडीला हवी ती चाल मिळाली. ती खुशीत गुरगुरत निघाली आणि तिच्यापुढं, तिच्याभोवती सगळी वरात पळायला लागली. ढोलवाला एका हातानं ढोल सावरत पळत होता. पारूआत्या नऊवारी वर खोचून हसत हसत पळत होती. धूळ उडत होती, मी एका हातानं फेटा आणि दुसऱ्या हातानं पंचफुलाला धरलं होतं. तीही हसत होती. मलाही क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, झालं, अशीच सटकन निघून जाऊ.

वळणावर चावडी दिसली. यंदा शेतात काम नव्हतं, त्यामुळं ओट्यावर माणसं दाटीनं बसली होती. आणि तिथंच आबा रस्त्याच्या मधोमध थांबले. मागं फिरून त्यांनी काठी आडवी धरली.

दादानं ब्रेक दाबला. गाडी त्यांच्या पायांपासून दोन हातांवर बंद पडली. बँड एकेक करून थांबला.

आबा म्हातारे होते. पळाल्यानं त्यांना धाप लागली होती. ते गाडीपाशी आले आणि दादाला हळू आवाजात म्हणाले, "भीमा, तहसीलदाराच्या टांग्याम्होरं म्या हितनंच पळायचो. सामान डोस्क्यावर घेऊन. पाटलाच्या घोड्याम्होरं बी पळायचो. जिंदगीत ह्या चावडीपुढनं पळाल्याबिगर गेलो न्हाई. आज बी पळवतूस व्हय मला?"

दादा सीटवर सावरून बसला. त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यानं क्लच अर्धा धरला, गाडी हातभर सरकली, थरथरली. जळका वास आला. बोनेटच्या फटीतून वाफ निघाली. तो पाय धरून होता. मला वरून त्याचा गुडघा दिसत होता. तो हलत नव्हता, दगडासारखा ताठ झाला होता. गाडी आणखी हातभर सरकली. इंजिन सगळ्या गावाला ऐकू जाईल असं रडत होतं.

मग त्यानं चावी बंद केली.

एकदम शांत झालं. दादानं गिअर काढला, दार उघडलं आणि खाली उतरला. दाराच्या चौकटीला त्यानं खांदा लावला, डावा हात आत घालून स्टिअरिंग धरलं आणि ढकललं. गाडी हलली. दोन चुलतभाऊ धावत मागं आले. दादानं त्यांना सांगितलं, "हळू. घाई करायची न्हाई. आबाकडं बघून चला."

आबा पुढं वळले आणि चालायला लागले. काठी टेकवत, एकेक पाऊल. बँडवाल्यांनी आपणच चाल उतरवली. मी ताठ बसलो. पंचफुलानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बघितलं. मी नवरदेव होतो, मला हसायला हवं होतं. पण मला खाली वाकलेली भावाची पाठ दिसत होती आणि माझे डोळे भरून आले होते. दोन वर्षं त्यानं या गाडीच्या पळण्याची सगळ्या लातुरात फुशारकी मारली होती. आता तो सगळ्या गावादेखत तिला म्हातारीसारखी हाताला धरून नेत होता.

चावडीपाशी रस्ता अरुंद आहे. ओट्याच्या कडेला शिवप्पा बसला होता. गावातला मोठा बागायतदार. बाग वाळून गेली होती, तरी बसणं तेच होतं, पाय रस्त्यावर सोडून. गाडी त्याच्यापाशी आली.

"का रे भीमा," त्यानं विचारलं, "बंद पडली का?"

दादानं ढकलणं थांबवलं नाही. मान वर करून म्हणाला, "न्हाई, आप्पा. म्या बंद केलीया."

शिवप्पानं त्याच्याकडं बघितलं, मग वर आमच्याकडं बघितलं. गाडी चार बोटांवर आली, तेव्हा त्यानं आपले पाय उचलून ओट्यावर घेतले.

आबांनी तिकडं बघितलंही नाही. ते आपल्या चालीनं पुढं चालत राहिले.