पूर्वेकडची तिसरी फांदी

आमच्या वनस्पती उद्यानात हिवाळ्यात थोडे लोक फुलं बघायला येतात आणि पुष्कळ लोक फुलांसमोर स्वतःला बघायला येतात. तिकीटखिडकीत एकोणीस वर्षं बसल्यावर हा फरक चालण्यावरून कळतो. तारीखकाका मात्र दोन्हींत बसत नाहीत. हुद्दा माळ्याचा, पण थंडी पडली की चाल पोलिसाची.

मेणफुलाचं झाड माझ्या खिडकीसमोरच आहे. डिसेंबरात पानं गळली की नुसता काड्यांचा भारा. मग जानेवारीत कधीतरी त्या काड्यांवर मेणातून ओतल्यासारखी पिवळी फुलं येतात. वास असा, की लोक तिकीट माझ्याच पुढ्यात विसरून आत चालू लागतात. पहिलं फूल कोणत्या दिवशी उघडलं, ती तारीख काका वहीत लिहितात. तीस वर्षं, तीस तारखा, एकही जागा रिकामी नाही. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांना सहकाऱ्यांना विचारावी लागते, ही गोष्ट वेगळी.

नियम असा, की दरवर्षी तीच फांदी बघायची. आज ही, उद्या ती, असं केलं तर तुलना कशाची? आणि ती फांदी कुठली, हे काकांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. "खूण केली की लोक हात लावतात," म्हणायचे.

मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. अधीक्षकबाईंनी ठरवलं, की यंदाची धरून एकतीस तारखांचा फलक दाराशी लावायचा, आणि निवृत्तीनंतरही काकांनी मानद नोंदकार म्हणून दर हिवाळ्यात रोज सकाळी येऊन नोंद चालू ठेवायची. काकांनी उभ्याउभ्या होकार दिला.

"घरी विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यात विचारायचं काय?"

पण काकू गेली कित्येक वर्षं बहिणीकडे जायचं म्हणतात, आणि बहीण बोलावते ती नेमकी जानेवारीत, हे मला ठाऊक होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमचे हिवाळी उपक्रम झाले. सकाळी कॅमेलियाची फुलं बघत फेरी, मुलांसाठी बिया निवडणं, आणि अकरा वाजता छाटणीचा वर्ग. बारा जणांनी नावं दिली, त्यांत काकूही. आम्हाला केवढं कौतुक! छाटणी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांच्या हाती कात्र्या दिल्या आणि बजावलं, "सुकलेलं तेवढंच काढायचं. शंका आली तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर हात जोडा आणि पुढे चला."

सोमवारी आठ वाजून पाच मिनिटांनी काका माझ्या खिडकीशी आले. चेहरा पांढरा.

"ताई, फांदी नाही."

"कुठली फांदी?"

"पूर्वेकडची तिसरी." एवढी वर्षं जपलेलं गुपित त्यांनी असं हवेत सोडून दिलं.

चौकशीची गरजच पडली नाही. काकूंनी आदल्या संध्याकाळी घरी स्वतःच सांगितलं होतं, की मेणफुलाची एक फांदी सुकलेली वाटली, कापली. कुठली ते काकांनी विचारलं नव्हतं. "तिला काय माहीत बिचारीला," काका जो भेटेल त्याला सांगत होते. सांगताना इतके गरीब दिसत, की लोक काकूंऐवजी त्यांचीच समजूत घालत.

मग तो आठवडा सुरू झाला. काका कुठे टिकेनात. कॅमेलियाला पाणी घालायला निघायचे आणि झारी घेऊन मेणफुलाशी उभे राहायचे. मंगळवारी मी मोजलं, दुपारपर्यंत चौदा फेऱ्या. बुधवारी मोजणं सोडलं, कारण मलाच खुर्चीत बसवेना. शेजारच्या फांदीवरच्या कळ्या फुगत होत्या. अधीक्षकबाई दर तासाला फोन करत, कारण फलक रंगवणारा रंग कालवून बसला होता.

गुरुवारी सकाळी शेजारच्या फांदीवर पहिलं फूल उघडलं. आतला जांभळा रंग स्वच्छ दिसत होता. अधीक्षकबाई धावत आल्या.

"लिहा आजची तारीख."

"ही फांदी ती नव्हे."

"झाड तर तेच ना? एक-दोन दिवसांचा फरक, कुणाला कळणार आहे?"

"मला."

बाई कपाळाला हात लावून गेल्या. काका वही उघडून माझ्या खिडकीच्या कट्ट्याशी उभे. पेन टेकवायचे, उचलायचे. शेवटी मला राहवेना. माणसाने फार सोवळं दाखवलं की माझ्या जिभेला खाज सुटते.

"काका, एवढं काटेकोर असेल तर अकरा वर्षांपूर्वीचं काय? त्या जानेवारीत तुम्ही तापाने तीन दिवस आलाच नव्हता. हजेरी माझ्याकडेच असते. आणि तारीख तर त्या तीन दिवसांतलीच आहे."

"ती खोटी नाही!" ते उसळले. "तेव्हा ही येत होती रोज आठ वाजता. भिंग घेऊन. मीच सांगितलं होतं तिला, की पूर्वेकडची..."

आणि ते थांबले. माझंही पाणी पिणं थांबलं.

तेवढ्यात काकूच दारातून आत आल्या. हातात काकांचा मफलर, सकाळी विसरलेला. आम्हा दोघांची तोंडं बघून त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"अगं," काका म्हणाले, "सुकलेली वाटली तुला?"

"तसं सांगितलं खरं."

"खरवडून बघितलीस?"

"बघितली."

"मग?"

"हिरवी होती." काकूंनी मफलर कट्ट्यावर ठेवला. "सतरा कळ्या होत्या. मोजल्या मी. चौथ्या खेपेला तुटली."

मी तिकिटांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"तुम्ही पुढचे सगळे हिवाळे देऊन आलात," काकू म्हणाल्या. "मला हे मोगऱ्याच्या वाफ्यावरच्या माळ्याकडून कळलं. तीस झाले होते, अहो. मी कधी मोजून दाखवले का?"

"फलक लागणार होता."

"लागू दे की. तीस तारखांचा लावा."

मला वाटलं आता मोठा आवाज होणार. मी खिडकीची काच अर्धी ओढूनही घेतली. पण काकांनी पेन उचललं आणि एकतिसाव्या ओळीवर त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'फांदी कापली. कळ्या सतरा. कापणाऱ्याला फांदी माहीत होती. तारीख नाही.' मग खाली एक आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"बाईंना द्या. मानद वगैरे जमायचं नाही म्हणावं. आणि ताई, रजेचा अर्ज कसा लिहितात?"

तापाचे ते तीन दिवसही बिनअर्जाचेच गेले होते; एकतीस वर्षांच्या नोकरीत जानेवारीतला हा पहिलाच अर्ज. मीच लिहिला, त्यांनी फक्त सही केली. दहा दिवस.

दोघं दाराकडे निघाले. सहा पावलांत काकांनी तीनदा मागे वळून झाडाकडे पाहिलं. चौथ्यांदा वळले तेव्हा काकूंनी कोपर धरलं.

"तुझ्या बहिणीकडे," काकांनी विचारलं, "आत्ता काय फुलतं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "चला."