खंडेनवमीला टक्कर बंद

पुनमचं वागणं सगुणाबाईंना अजिबात पटत नव्हतं. नात एमएस्सीला गेली आणि घरात असून नसल्यासारखी झाली. हाक मारली, की लॅपटॉपात घातलेलं तोंड वर न काढता म्हणायची, "थांब आज्जी, टक्कर चालू आहे."

"कसली टक्कर गं?"

"शिशाच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आपटायचे, जवळजवळ उजेडाच्या वेगानं. जगाच्या सुरुवातीला होता तसला कढत रस्सा क्षणभर तयार होतो. आधी कॉम्प्युटरवर खोटी टक्कर करून बघायची. निकाल आवडला, तर शेखरसर मला त्यांच्या संशोधनाच्या गटात घेतील."

"टक्करच बघायची तर चाकणच्या चौकात उभी ऱ्हा. तिथं रोज खरी व्हते."

खंडेनवमीला सकाळीच मुलाच्या, धर्माजीच्या, शेडमधल्या पत्रा दाबायच्या प्रेस धुऊनपुसून गप्प बसवल्या होत्या. ट्रॅक्टर, मोटरसायकल, घरातला मिक्सर, सगळ्यांना झेंडू वाहून सगुणाबाई ताट घेऊन पुनमच्या खोलीत आल्या. पुनम अंघोळीला गेलेली. लॅपटॉप मात्र बेशरमासारखा घरघरत होता. चालत्या यंत्राची पूजा? त्यांच्या घरात असलं कधी झालं नव्हतं. त्यांनी बटण दाबून धरलं, पडदा काळा झाल्यावर झाकण लावलं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"आज्जे!" दारातूनच पुनम किंचाळली. "सोमवारपासून चालू होतं ते! आज संध्याकाळी सरांना पाठवायचं होतं. आता कशाला घेतील ते मला?"

ती रडायलाच लागली. आपलं चुकलं हे सगुणाबाईंना कळलं, पण चेहऱ्यावर दिसू देतील तर त्या सगुणाबाई कसल्या!

"डोळे पूस. फोन लाव त्या सराला. बंद म्या केलंय, म्याच बोलते."

फोन लागला. "सर, मी पुनमची आज्जी. मशीन मी बंद केली. तुमी येवढं शिकलेलं, पन खंडेनवमीला मशीन चालवायची न्हाई, हे पोरीला सांगाया नको?"

पलीकडे सर खो खो हसले. "आजी, आमच्या लॅबमध्येही आज सगळं बंद आहे. कॉम्प्युटरला हार घालून पेढे खातोय आम्ही. पुनमला म्हणावं, दसरा झाल्यावर पाठव. आणि काम मधेमधे सेव्ह करायला शिक, नाहीतर वीज गेली तरी अशीच रडशील."

सगुणाबाईंनी फोन ठेवला आणि ताटातलं उरलेलं कुंकू नातीच्या कपाळाला टेकवलं.

"ऐकलंस? जग कसं झालं ते हुडकाया निघालीस, आन् आज सण कंचा ते घरात इचारलं न्हाईस. सर शाना हाय तुझा, जा त्याच्याकडं शिकाया. दसरा झाला की आपट शिसं, पायजे तेवढं. आज त्यालाबी सुट्टी हाय."