रंगीत पाणी

मेंढ्यांच्या यकृतातल्या जंतांवर ताईनं नवं औषध काढलं होतं. निम्म्या कळपांना ते पाजायचं, निम्म्यांना तुलनेसाठी नुसतं रंगीत पाणी, आणि कुणाला काय मिळालं ते मालकाला कळू द्यायचं नाही. चिठ्ठी टाकली, तर पाण्याच्या गटात निघाला तिच्या सख्ख्या भावाचाच कळप. नियमाला कुठं बहीणभाऊ कळतात! ताईनं तोंडाला कुलूप लावलं.

भाऊ गावभर सांगत सुटला, "आमच्या ताईचं औषध आहे, डोळे झाकून पाजा!"

शेजाऱ्यांच्या मेंढ्या टुणटुणीत झाल्या. त्याच्या एकेक करून मेल्या. ताईनं मन घट्ट केलं. औषधाविना मेलेल्या या मेंढ्याच तर औषधाचा पुरावा.

तपासणीला बाहेरचे डॉक्टर आले, तेव्हा भावानं हात जोडले. "औषधाला बोल लावू नका, साहेब. मीच आळशी, सगळं गटारात ओतलं."

डॉक्टरांनी त्याचा कळप अभ्यासातून बाद केला.

"खोटं का बोललास?" ते गेल्यावर ताई किंचाळली.

धुऊन ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या भावानं तिच्यापुढे मांडल्या. "थेंबही सांडला नाही गं. पण मेंढ्या गेल्या त्या गेल्या, तुझं नाव कशाला जाऊ द्यायचं?"