न पेटलेल्या चिलमी

मशीनवाल्याने इंजिन बंद केलंच नव्हतं. त्या घरघरीत मला धड विचार करता येईना.

"बाबा, झालं का?" लेकीने खड्ड्याच्या काठावरून विचारलं. उत्खननाची प्रमुख ती. मी निवृत्त, खापरं निवडायला हौसेने आलेला. तिला खालचं प्राचीन नगर गाठायचं होतं. त्याच्या वर दख्खनच्या सल्तनतींच्या अखेरच्या काळचा थर होता. सगळे त्याला 'वरचा कचरा' म्हणत. तो आज मशीनने उपसायचा ठरला होता.

माझ्या हातात त्याच थरातल्या मातीच्या चिलमी होत्या. नक्षी सुबक, पण आतून एकही काळी नाही. ओढलेल्या चिलमीत काजळी उरते. म्हणजे या कुणी पेटवल्याच नाहीत? इथेच घडवल्या असतील तर हा कचरा नव्हे, कारखाना. की इतक्या वर्षांच्या ओलीने काजळी धुऊन गेली?

"आजोबा, तंबाखू शोधताय होय?" मशीनवाला ओरडला. "माझ्याकडची घ्या की!"

"वर या हो बाबा. मशीन आजचा दिवसच आहे."

"थांब गं. या दोन बघ, एकमेकींना चिकटल्यात."

"चिखलाने चिकटल्या असतील."

"भिजवून पाहिलं, सुटत नाहीत. भाजताना ताव जास्त झाला की असं होतं. असला बिघडलेला माल कुणी दूर नेत नाही, भाजल्या जागीच टाकतात."

"म्हणजे भट्टी इथेच आहे?"

"असावी."

"असावी, की आहे?"

"तसं... छातीठोक नाही सांगता येत."

"आईला लग्नाला होकारसुद्धा असाच दिला होतात म्हणे!"

"पण दिला ना?"

ती हसली नाही. भट्टी निघाली नाही, तर बापाच्या नादाने हंगाम घालवला म्हणून तिलाच बोल लागणार होते. नको, जाऊ दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती खाली उतरली, एका चिलमीत करंगळी फिरवली आणि बोट उन्हात धरून पाहिलं. काजळीचा डाग नव्हता. मग मशीनवाल्याकडे वळून दोन्ही हात हलवले.

इंजिन थांबलं.

"आता उभे काय राहिलात? भट्टी कुठल्या अंगाला असेल?"

मी डावीकडे बोट दाखवलं. लगेच वाटलं, उजवीकडे तर नसेल? सांगावं म्हणून वळलो, तर तिने गुडघे टेकून डावीकडची माती खरवडायला घेतलीही होती.