नोंदणी खंडित

बायको गेल्याला दोन महिने झाले होते, तेव्हा मला ते पत्र आलं. जगभर तरुण पोरं कामावाचून बसली आहेत, त्यावर उपाय शोधायला अकरा देशांत सल्लागारांच्या समित्या नेमल्या होत्या. आमच्या शहरातल्या समितीत वेगवेगळ्या क्षेत्रांतले चार जाणकार आधीच घेतले होते. पाचवा माणूस त्यांना हातात पाना धरलेला हवा होता. मी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून नुकताच निवृत्त झालो होतो आणि त्या काळात एकोणचाळीस जणांना ते काम शिकवलं, म्हणून मी.

मी नाहीच म्हणणार होतो. मुलगी म्हणाली, "जा, बाबा. घरात बसून तुम्ही फ्रिजशी बोलायला लागला आहात."

ते खरं होतं. फ्रिजचं दार नीट लागत नसे आणि मी त्याला दोन शब्द सुनावायचो. ते मी आधीही करायचो, पण तेव्हा ऐकायला ही असायची.

समितीची खोली सातव्या मजल्यावर होती. तिथली लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबायची आणि सगळे ठेचकाळत बाहेर पडायचे. आत लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बोलायला लागलं की लाल दिवा पेटणारा माइक. अध्यक्षबाई कामगार खात्यातून निवृत्त झालेल्या. प्राध्यापक अर्थशास्त्राचे. डॉक्टरीणबाई एका सरकारी दवाखान्याच्या प्रमुख. चौथे कंपनीवाले, त्यांची सॉफ्टवेअरची कंपनी होती आणि ते सगळ्यांशी जुनी ओळख असल्यासारखं बोलायचे.

आम्हाला एक योजना आखायची होती. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचं वर्षभराचं शिक्षण, महिन्याला भत्ता आणि शेवटी पक्की नोकरी. जागा साठ. वयाची अट सत्तावीस. अर्ज हजारो येणार, मग घ्यायचं कोणाला, यावर पहिल्याच बैठकीत दोन तास गेले. शेवटी अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्ही इतकी पोरं निवडलीत. कशी निवडलीत?"

मी म्हणालो, "काम हवं असतं तो दार वाजवतो. जो वाजवत नाही, त्याला भूक नाही."

प्राध्यापकांनी चष्मा वर केला आणि ते वाक्य लिहून घेतलं. कंपनीवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "वा! आम्ही दोन तास उगाच घशाला कोरड पाडली." त्यावरून नियम ठरला. ज्यांची रोजगार नोंदणी मागची दोन वर्षं न चुकता चालू आहे, म्हणजे दर सहा महिन्यांनी नूतनीकरण केलेलं आहे, त्यांनाच प्रवेश. बाकीच्यांना गरज नाही असं समजायचं. मी त्या दिवशी घरी चालत आलो, बसने नाही. कित्येक आठवड्यांनी मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

पाच महिन्यांनी मसुदा छापून आला. दुसऱ्या दिवशी शेवटची बैठक होती. संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो वाचत होती. माझे कागद आधी ही तपासायची, आता ती तपासते. पहिल्याच पानावर चौकटीत माझं वाक्य छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'समितीतील एक अनुभवी तंत्रज्ञ'.

"हे तुम्ही बोललात?" तिने विचारलं.

"हो. का, बरं नाही?"

"बरं आहे की. छापून आलंय."

तिने फोन माझ्यापुढे सरकवला. योजनेचे अर्ज परवापासून घ्यायला लागले होते. नियम अजून कच्चे होते, पण अर्ज तपासणाऱ्या संगणकात ते आधीच घालून ठेवले होते. तिने अर्ज भरला होता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, चांगले गुण, वय सव्वीस वर्षं आणि आठ महिने. खाली लाल अक्षरांत उत्तर होतं : नोंदणी खंडित, अपात्र.

"अगं, पण खंडित कशी झाली?"

तिने फोन परत घेतला. मग म्हणाली, "आई आजारी होती ना, बाबा."

चौदा महिने. त्यात दोनदा नूतनीकरणाची तारीख येऊन गेली. मी रोज सकाळी कामावर जायचो आणि संध्याकाळी यायचो, तेव्हा ही पलंगावर असायची आणि मुलगी खुर्चीवर. मला वाटायचं, बरं झालं, मुलगी घरीच आहे. घरीच आहे, एवढंच मी बघितलं. हे सगळं डोळ्यांपुढे घडलं आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी मी त्या टेबलावर बसून भुकेच्या गोष्टी केल्या.

"तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम." आणि मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी मसुदा वाचायला घेतला तसा मी माइक चालू केला. मी म्हणालो, "ते दाराचं वाक्य माझं आहे. ते चुकलं. काही पोरं दार वाजवत नाहीत, कारण त्यांचे दोन्ही हात घरी गुंतलेले असतात. कोणाची आई, कोणाचा बाप, कोणाचं लहान भावंड. त्यांची नोंदणी त्या काळात तुटली असेल तर ती तुटली असं धरू नये."

प्राध्यापक माणूस वाईट नव्हता. तो समजावून सांगायला लागला. "हे बघा, जगभर एकच व्याख्या आहे. ज्याच्याकडे काम नाही आणि जो काम शोधतोय, तो बेरोजगार. जो शोधत नाही तो त्या आकड्यात नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग माझ्या दवाखान्यात दर पलंगाशेजारी स्टुलावर एक मुलगी बसलेली असते, ती कुठल्या आकड्यात?"

"ती आकड्याबाहेर."

"झालं तर. बेरोजगारी अशीच संपवा. सगळ्यांना एकेक स्टूल द्या."

कंपनीवाले मोठ्याने हसले, पण म्हणाले, "बाई, मनाला पटतं, पण तपासणार कसं? उद्या जो तो म्हणेल, माझी आजी आजारी होती. काहींच्या तर चार-चार आज्या निघतील."

अर्धा तास असाच गेला. डॉक्टरीणबाई आणि अध्यक्षबाई बदल करावा म्हणत होत्या, प्राध्यापक आणि कंपनीवाले नको म्हणत होते. राहिलो मी. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी नियमांची वही उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विचारणं माझं काम आहे. या बदलामुळे तुमच्या घरातलं कोणी आत येणार आहे का?"

मी म्हणालो, "मुलगी."

त्यांनी वहीतल्या हितसंबंधांच्या नियमावर बोट ठेवलं.

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "तुम्ही मत दिलंत, तर तिला या योजनेत प्रवेश मिळणार नाही. मत दिलं नाहीत, तर दोन विरुद्ध दोन होतात आणि जुना नियम तसाच राहतो. चहा घेऊन या. वीस मिनिटांनी मतदान."

मी बाहेर लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. कंपनीवाले दोन कप घेऊन माझ्यामागे आले.

"काका, तुम्ही आधी का नाही बोललात?" ते म्हणाले. "एका मुलीसाठी सगळी इमारत कशाला पाडायची? नोंदणीची ती सिस्टीम आमच्याच कंपनीने बनवली आहे. दोन तारखा राहिल्यात ना? दोन तारखा भरून टाकू. संध्याकाळपर्यंत तिची नोंदणी अखंड. तुम्ही फक्त मत देऊ नका. कोणाचं काही बिघडत नाही."

"चालतं असं?"

"अहो, तिने आईची सेवा केली. तिला शिक्षा का? हे तर तुम्हीच आत सांगत होतात."

ते चेष्टा करत नव्हते. मनापासून बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात मला कुठे फट सापडेना. मी चहा प्यायलो. मुलीची ती लाल अक्षरं आठवली. चार महिन्यांनी ती सत्तावीसची होणार होती. मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

लिफ्ट आली, नेहमीसारखी दोन बोटं खाली. आतून सफाईची बाई बादली घेऊन ठेचकाळत बाहेर आली. माझ्या मनात आलं, हिची पोरगी घरी कोणाचं करत बसली असेल, तर तिच्या तारखा कोण भरणार? तिचा बाप काही सातव्या मजल्यावर चहा पीत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी आयुष्यभर साहेबलोकांबद्दल बोलत आलो होतो.

मी कप त्यांच्या हातात परत दिला. म्हणालो, "नको साहेब. पण तुम्ही विचारलंत, ते लक्षात ठेवीन."

मतदान हात वर करून झालं. तीन विरुद्ध दोन. नियम बदलला. अध्यक्षबाईंनी माझ्या मुलीचं नाव विचारून एका वेगळ्या कागदावर लिहिलं आणि त्याखाली माझी सही घेतली. तेवढी सही करायला मला वेळ लागला. निघताना डॉक्टरीणबाईंनी गाठलं. "उद्या दहापर्यंत एक पान हवंय. घरी आजाऱ्याचं करणं म्हणजे नेमकं काय काय करणं, त्याची यादी. त्यावरूनच माझे लोक दाखला देतील. तुम्हीच करा, तुमच्या घरात माहीतगार आहे."

घरी आल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं. चहाच्या वेळचंही सांगितलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं की काय, कोण जाणे.

"एक फोन करायला काय झालं होतं, बाबा?"

"वेळ नव्हता गं."

"चहाला होता."

मी चपला काढून कोपऱ्यात लावल्या.

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला चाललं असतं. दोन तारखांनी आभाळ कोसळलं नसतं. तत्त्व तुमचं आणि जागा माझी! आईने असं न विचारता काही केलं असतं का?"

नसतं केलं. हिने घरातला एक खिळासुद्धा मुलीला विचारल्याशिवाय ठोकला नाही. मी तसं म्हणालो, तर ती आणखीनच चिडली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी टेबलावर तिचा कॉम्प्युटर उघडून बसलो. एका बोटाने टाइप केलं : एक, औषधं देणे. मग : दोन, जेवण भरवणे. तीनचा आकडा टाकला आणि अडकलो. चौदा महिने त्याच घरात राहून मला तिसरं काम सांगता येईना. लिफ्टच्या मोटरमध्ये काय काय बिघडतं ते मी झोपेत सांगेन.

बऱ्याच वेळाने ती पाणी प्यायला आली. माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"एवढंच?"

"मला एवढंच माहीत आहे."

ती ग्लास हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, जाईल. तिने खुर्ची ओढली.

"लिहा. दर दोन तासांनी कूस बदलणे. रात्रीसुद्धा."

"रात्री तू उठायचीस?"

"तुम्हाला पहाटे कामावर जायचं असायचं. आई म्हणायची, त्यांना उठवू नकोस. लिहा ना."

मी लिहिलं. ती सांगत गेली. पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज बघणे. पाणी किती प्यायली आणि लघवी किती झाली, त्याचा तक्ता ठेवणे. दवाखान्याच्या खिडकीवर रांगेत उभं राहून गोळ्या बदलून आणणे. इंजेक्शन देणे. ऑक्सिजनच्या यंत्राची जाळी दर आठवड्याला धुणे.

"ती जाळी तू काढायचीस? कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. सोबतचं पुस्तक वाचलं. एकदा त्याचा पंखा थांबला होता, तो पण मीच बसवला. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठवणे नाही बाबा, उठवून बसवणे. नीट लिहा."

सतरा कामं झाली. "ज्या दिवशी आई गेली," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतात."

"हो. तिथे फोन लागत नाही."

"दोन तास. तेवढ्यात मी तिचे केस विंचरले. आधी दोन महिने विंचरू देत नव्हती, दुखायचं. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा ती नीट दिसायला हवी." तिने ग्लास खाली ठेवला. "ते लिहू नका."

मी अठरा टाकून 'केस' एवढं लिहून बसलो होतो. ते एकेक अक्षर मागे घेत पुसलं. आकडा तसाच ठेवला.

"बरं," मी म्हणालो. "अठरावं काय?"